फ्लॅशची सेटिंग्ज नेमकी कुणाला सांगायची असतात?

आर्डुइनो या सॉफ्टवेअरमधून ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर प्रोग्रॅम चढवताना टूल्सच्या मेनूत तीन ओळी दिसतात: फ्लॅश मोड, फ्लॅश फ्रिक्वेन्सी, फ्लॅश साइझ. फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी प्रोग्रॅम जपून ठेवणारी मेमरी चिप. बहुतेक जण त्यांना हात लावत नाहीत. आधीपासून निवडलेलं क्यूआयओ, ८० मेगाहर्ट्झ आणि ४ मेगाबाइट तसंच ठेवून अपलोड दाबतात, दिवा लुकलुकतो आणि पुढचं काम सुरू होतं. मग कधीतरी बोर्ड बदलतो. प्रोग्रॅम तोच, केबल तीच, पण सिरिअल मॉनिटरवर फ्लॅश वाचता येत नसल्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटते आणि बोर्ड सारखा रीसेट होत राहतो. अशा वेळी मेनूतले पर्याय एकामागून एक बदलून पाहिले जातात, त्यांतली एखादी जोडी चालून जाते, आणि ती का चालली हे न कळताच प्रकल्पात कायमची मुक्कामाला येते.

ही सेटिंग्ज म्हणजे फ्लॅश चिपला दिलेले हुकूम, असा समज सहज होतो. त्यांतली बरीचशी चिपपर्यंत पोहोचतच नाहीत. ती प्रोसेसरला सांगतात की तुझ्या शेजारी बसलेली चिप एवढी मोठी आहे, तिच्यापर्यंत एवढ्या तारा गेल्या आहेत आणि ती एवढ्या वेगाने उत्तर देऊ शकते. हे वर्णन खरं असेल तर बोर्ड चालतो. अडचण अशी की तुमच्या प्रोग्रॅमची एकही ओळ चाललेली नसते, त्या क्षणीही ते खरं असावं लागतं. फ्लॅशच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ इथे असतं, म्हणून पुढचं सगळं याच अंगाने पाहू.

दोन बाइट

ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिकोवरचा आरपी२०४० यांचा प्रोग्रॅम प्रोसेसरच्या आत नसतो. तो शेजारच्या आठ पायांच्या एका छोट्या चिपमध्ये असतो. मूळ पिकोवर ही चिप २ मेगाबाइटची आहे. प्रोसेसर तिच्याशी एसपीआय या पद्धतीने बोलतो: एक तार क्लॉकची, एक चिप निवडण्याची, बाकीच्या माहितीच्या. प्रोग्रॅम चालताना लागतील तसे आदेश या चिपमधून वाचून कॅश नावाच्या आतल्या छोट्या, जलद मेमरीत आणले जातात. म्हणजे फ्लॅश वाचता आली नाही तर चूक कुठे झाली हे सांगणारा तुमचा कोडही वाचता येत नाही.

मग मेनूत निवडलेली सेटिंग्ज राहतात कुठे? त्याच फ्लॅशमध्ये. ईएसपी३२च्या बाबतीत बूटलोडर, म्हणजे मुख्य प्रोग्रॅम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, फ्लॅशच्या हेक्स १००० या पत्त्यावर, म्हणजे सुरुवातीपासून ४ किलोबाइट सोडून ठेवलेला असतो. (हेक्स म्हणजे १६च्या पायावरची संख्या, डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, सगळीकडे तीच दिसते.) त्या बूटलोडरचा पहिला बाइट ओळखीचा, हेक्स ई९. तिसऱ्या बाइटात मोड असतो: ० म्हणजे क्यूआयओ, १ क्यूआउट, २ डीआयओ, ३ डीआउट (या नावांचा अर्थ पुढे येईल). चौथ्या बाइटाच्या वरच्या चार बिटांत फ्लॅशचा आकार आणि खालच्या चार बिटांत क्लॉकचा वेग. मेनूतल्या तीन ओळी शेवटी या दोन बाइटांत येऊन बसतात.

फ्लॅश कशी वाचायची हे फ्लॅशमध्येच लिहिलेलं, मग ते वाचायचं कसं? यावर सगळ्याच कंपन्यांनी साधारण एकच तोड काढली आहे. प्रोसेसरच्या आत कारखान्यातच कोरलेला रॉम कोड सुरुवातीला सर्वांत संथ आणि साध्या पद्धतीने थोडेसे बाइट वाचतो आणि त्यांत जे सापडेल त्याप्रमाणे पुढचा वेग धरतो. आरपी२०४० फ्लॅशचे पहिले २५६ बाइट वाचतो. शेवटच्या चार बाइटांत तपासणीचा आकडा असतो. तो जुळला तर उरलेल्या २५२ बाइटांतला छोटा प्रोग्रॅम चालवतो, आणि समोरच्या चिपला वेगाच्या मोडमध्ये कसं न्यायचं एवढंच त्या प्रोग्रॅमला ठाऊक असतं. पिकोच्या डेव्हलपमेंट किटमध्ये या २५२ बाइटांचे वेगवेगळे नमुने असतात. दुसऱ्याच कंपनीची फ्लॅश बसवलेल्या पिकोसारख्या बोर्डावर प्रोग्रॅम उठत नसेल, तर चिपच्या खास सोयी न वापरणारा, हळू पण बहुतेक चिपवर चालणारा नमुना निवडून पाहणं हा पहिला उपाय.

समोर कोणती चिप आहे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत एकसारखे दिसणारे दोन बोर्ड घेतले, तरी दोन्हींवरची फ्लॅश एकाच कंपनीची असेल याची खात्री देता येत नाही. ईएसपी३२च्या मॉड्यूलवर तर पत्र्याचं झाकण असतं, चिपवरची अक्षरं दिसतच नाहीत. म्हणून चिपलाच विचारायचं.

जवळजवळ प्रत्येक एसपीआय फ्लॅश हेक्स ९एफ ही कमांड समजते. ती मिळाली की चिप तीन बाइट परत देते: कंपनी, प्रकार, आकार. ईएफ, ४०, १६ असं उत्तर आलं तर ईएफ म्हणजे विनबॉन्ड. पहिला बाइट सी८ आला तर गिगाडिव्हाइस, सी२ आला तर मॅक्रोनिक्स. शेवटचा बाइट बहुतेक चिपमध्ये थेट २चा घातांक असतो. हेक्स १६ म्हणजे २२, आणि २चा २२वा घात म्हणजे ४१,९४,३०४ बाइट, अर्थात ४ मेगाबाइट. हेक्स १८ आला तर २४वा घात, १६ मेगाबाइट. ईएसपी३२वर प्रोग्रॅम चढवणाऱ्या ईएसपीटूल या साधनात फ्लॅशची ओळख विचारण्याची वेगळी कमांडच आहे. नवा बोर्ड हाती आला की मी मेनू उघडण्याआधी ती चालवतो. अर्धा मिनिट लागतो, आणि पुढचे अंदाज वाचतात.

इथे एक जुना गोंधळ टाळायला हवा. डब्ल्यू२५क्यू१२८ या नावातला १२८ हा आकडा मेगाबिटचा आहे, मेगाबाइटचा नव्हे. आठाने भागलं की १६ मेगाबाइट. त्याच हिशेबाने डब्ल्यू२५क्यू३२ ही ४ मेगाबाइटची. खरेदीच्या यादीत ३२ वाचून सेटिंगमध्ये ३२ मेगाबाइट भरणारे दरवर्षी भेटतात.

आकार चुकीचा भरला तर काय होतं, हे चूक कोणत्या दिशेची आहे त्यावर ठरतं. चिप ४ मेगाबाइटची आणि तुम्ही २ लिहिले, तर ईएसपी-आयडीएफ, म्हणजे ईएसपी३२ बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर किट, सूचना देतं की प्रत्यक्ष चिप मोठी आहे, पण मी लिहिलेला आकारच धरतो; बोर्ड चालतो, उरलेली जागा वाया जाते. उलट चिप ४ची आणि तुम्ही १६ लिहिले, तर ते साफ नकार देऊन थांबतं. हा नकार उपकारक आहे. अशी तपासणी नसलेल्या साध्या ड्रायव्हरमध्ये (चिपशी बोलणाऱ्या कोडमध्ये) चिप पत्त्याचे वरचे बिट दुर्लक्षित करते आणि ४ मेगाबाइटच्या पुढे लिहिलेला मजकूर गुंडाळी होऊन पुन्हा सुरुवातीला, म्हणजे नेमका बूटलोडरवर जाऊन पडतो.

किती तारा?

आठ पायांच्या चिपमध्ये दोन पाय विजेचे, एक क्लॉकचा, एक चिप निवडण्याचा. उरले चार. साध्या पद्धतीत त्यांतल्या एका तारेवरून माहिती आत जाते आणि एकीवरून बाहेर येते. बाकीच्या दोन पायांना वेगळी कामं असतात: एक लिखाणाला मनाई करणारा, दुसरा चिपला मध्येच थांबवून धरणारा. वेग हवा असेल तर हे दोन्ही पायही माहितीच्या कामाला लावता येतात. डी म्हणजे दोन तारा, क्यू म्हणजे चार. डीआउट आणि क्यूआउटमध्ये फक्त उत्तर जास्त तारांवरून येतं. डीआयओ आणि क्यूआयओमध्ये पत्ताही त्याच तारांवरून जातो.

फरक किती पडतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ईएसपी३२चं कॅश एका वेळी ३२ बाइट आणतं. विनबॉन्डच्या नेहमीच्या चिपमध्ये एका तारेच्या जलद वाचनाला कमांडचे ८ ठोके, पत्त्याचे २४, रिकामे ८ आणि माहितीचे २५६ असे क्लॉकचे २९६ ठोके लागतात. डीआयओमध्ये १५२. क्यूआयओमध्ये कमांडचे ८, पत्त्याचे ६, मोड आणि रिकामे मिळून ६, माहितीचे ६४, म्हणजे एकूण ८४. क्लॉकचा वेग तेवढाच ठेवून काम साडेतीन पटीने लवकर होतं. पण हा फायदा कॅशमध्ये नसलेला कोड आणतानाच मिळतो. छोटा प्रोग्रॅम सगळा कॅशमध्ये मावत असेल, तर डीआयओ आणि क्यूआयओमधला फरक हाताला लागणारही नाही. सेन्सर वाचून दर मिनिटाला आकडा पाठवणाऱ्या यंत्राला डीआयओ पुरेसा आहे, आणि तो जास्त बोर्डांवर चालतो.

चार तारांच्या वाटेत एक दार असतं. ते उघडल्याशिवाय मनाईचा आणि थांबवण्याचा पाय आपलं जुनं काम सोडत नाहीत. या दाराचं नाव क्यूई बिट. चिपच्या स्टेटस रजिस्टरमध्ये, म्हणजे तिची स्थिती आणि सेटिंग्ज ठेवणाऱ्या बाइटात, तो १ करावा लागतो, आणि तो नेमका कुठे आहे यावर कंपन्यांचं एकमत नाही. विनबॉन्डमध्ये तो दुसऱ्या स्टेटस रजिस्टरमधला १ क्रमांकाचा बिट, मॅक्रोनिक्समध्ये पहिल्या रजिस्टरमधला ६ क्रमांकाचा. काही चिपमध्ये तो कारखान्यातूनच १ करून कायमचा बांधलेला असतो. त्यातही एक छुपा खड्डा आहे: काही चिपमध्ये पहिलं स्टेटस रजिस्टर लिहिताना एकच बाइट पाठवला, तर दुसरं रजिस्टर आपोआप पुसलं जातं आणि त्याबरोबर क्यूई बिटही जातो. तुम्ही एखाद्या भागाचं लिखाण-संरक्षण काढायला जाता आणि चार तारांचं वाचन बंद पडतं. त्या दोन गोष्टींचा संबंध डेटाशीट वाचल्याशिवाय लक्षात येणं जवळपास अशक्य आहे.

ईएसपी-आयडीएफने यावर शहाणा मार्ग धरला आहे. तुम्ही क्यूआयओ निवडलं तरी हेडरमध्ये, म्हणजे बूटलोडरच्या त्या सुरुवातीच्या बाइटांत, ते डीआयओच लिहितं. रॉम दोन तारांवर बूटलोडर उचलतो, बूटलोडर चिपची ओळख विचारतो, त्या कंपनीच्या रीतीने क्यूई बिट लावतो आणि मगच चार तारांवर जातो. आधी ओळख, मग वेग, हा क्रम स्वतःचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी जसाच्या तसा उचलावा.

स्वतः लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. स्टेटस रजिस्टरमधला बदल बहुतेक चिपमध्ये दोन प्रकारे करता येतो: कायमचा किंवा वीज असेपर्यंतचा. बोर्ड चालू होताना दर वेळी क्यूई बिट कायमच्या पद्धतीने पुन्हा लिहू नका. आधी वाचा, तो १ असेल तर सोडून द्या. कायमच्या लिखाणाला चिपच्या झिजेची मर्यादा असते, आणि लिखाण चालू असताना नेमकी वीज गेली तर रजिस्टरमध्ये काय उरेल ते सांगता येत नाही. वीज असेपर्यंतच्या बदलासाठी हेक्स ५० ही कमांड पाठवून मग रजिस्टर लिहायचं असतं.

बोर्डावरच्या तारांचं मात्र सॉफ्टवेअरला काहीच कळत नाही. ईएसपी३२च्या ६ ते ११ क्रमांकाच्या पिना फ्लॅशसाठी राखलेल्या असतात. कुणी ९ आणि १० क्रमांकाच्या पिनांवर बटण किंवा रिले जोडला, तर क्यूआयओ चालणार नाही, चिप कितीही चांगली असो.

वेग, आणि थांबायचे ठोके

पत्ता मिळाल्यावर चिपला आतला मजकूर उचलून दारापर्यंत आणायला ठरावीक वेळ लागतो. विहिरीत सोडलेला पोहरा बुडून भरेपर्यंत थांबावं लागतं. घाईने ओढला तर रिकामा वर येतो. फ्लॅशमध्ये या थांबण्याला डमी सायकल म्हणतात, आणि ते किती ठोके असावेत हे कमांड, क्लॉकचा वेग आणि चिप या तिघांवर अवलंबून असतं. सर्वांत साधी हेक्स ०३ ही वाचनाची कमांड एकही रिकामा ठोका घेत नाही, म्हणून तिच्या वेगाला मर्यादा असते. डब्ल्यू२५क्यू१२८जेव्हीमध्ये ती ५० मेगाहर्ट्झ आहे. त्याच चिपला जलद वाचनाच्या कमांडने १३३ मेगाहर्ट्झपर्यंत नेता येतं. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला १३३ वाचून तो साध्या कमांडला लावला, तर टेबलावर चालेलही, पण उन्हात ठेवलेल्या पेटीत बाइट सरकलेले मिळतील.

उन्हाचा उल्लेख मुद्दाम केला. वेगाची सेटिंग टेबलावर कधीच नापास होत नाही, म्हणूनच ती फसवी आहे. तार लांब, बोर्ड दोन थरांचा, व्होल्टेज किंचित कमी, तापमान जास्त, या सगळ्याची बेरीज झाली की ८० मेगाहर्ट्झला एखादा बिट चुकतो. विचित्र ठिकाणी होणारे, पुन्हा घडवून दाखवता न येणारे क्रॅश येत असतील, तर कोडमध्ये आठवडा घालवण्याआधी क्लॉक ४०वर आणून बोर्ड रात्रभर चालवून पाहावा. दुखणं थांबलं, तर शोध कुठे घ्यायचा ते कळतं.

प्रोसेसरच्या आतच असलेल्या फ्लॅशलाही हा नियम लागू आहे, फक्त तिथे नाव वेट स्टेट असं असतं. ब्लू पिल बोर्डावरच्या एसटीएम३२एफ१०३ला २४ मेगाहर्ट्झपर्यंत शून्य, ४८पर्यंत एक आणि ७२पर्यंत दोन वेट स्टेट लागतात. यात क्रम पाळावा लागतो. वेग वाढवताना आधी वेट स्टेट वाढवायचे, बसले का ते रजिस्टर वाचून पाहायचं आणि मग क्लॉक चढवायचा. वेग उतरवताना याच्या उलट. क्रम चुकला तर प्रोसेसर पुढचा आदेश चुकीचा वाचतो आणि डिबगरमध्ये भलत्याच ओळीवर पडलेला दिसतो.

व्होल्टेज हे तर मेनूत नसलेलं सेटिंग. बोर्ड चालू होण्याच्या क्षणी ईएसपी३२ १२ क्रमांकाच्या पिनेकडे पाहतो. ती वर ओढलेली असेल, तर तो फ्लॅशला ३.३ऐवजी १.८ व्होल्ट देतो. नेहमीच्या मॉड्यूलवर ३.३ व्होल्टची फ्लॅश असते, त्यामुळे ती उठतच नाही. मायक्रोएसडी कार्डाचं सर्किट जोडल्यावर बोर्ड अपलोडही घेईना, अशी तक्रार आली तर बऱ्याचदा याच पिनेवरचा पुल-अप रेझिस्टर, म्हणजे तिला वर ओढून धरणारा रेझिस्टर, कारण असतो. तो काढणं हा सरळ उपाय. प्रोसेसरच्या आतला ईफ्यूज (एकदाच बदलता येणारा बिट) जाळून व्होल्टेज कायमचं ३.३ करता येतं, पण जळलेला फ्यूज परत जुळत नाही, तेव्हा ती पायरी विचार करूनच.

प्लग काढून लावला की चालतं

हा प्रकार मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो प्रयोगशाळेत लपून राहतो आणि माल बाहेर गेल्यावर उघड होतो.

एसपीआय फ्लॅशच्या जुन्या कमांडमध्ये पत्त्यासाठी तीन बाइट असतात. तीन बाइटांत २चा २४वा घात, म्हणजे १६ मेगाबाइटपर्यंतच पोहोचता येतं. चिपा ३२ मेगाबाइटच्या झाल्या तेव्हा चौथ्या बाइटाची गरज पडली. एक मार्ग असा निघाला की हेक्स बी७ ही कमांड देऊन चिपला चार बाइटांच्या मोडमध्ये न्यायचं. त्यानंतर नेहमीच्याच कमांडना ती चार बाइटांचा पत्ता मागते. लिनक्स चालवणाऱ्या एखाद्या राउटरने बूट झाल्यावर असं केलं. सगळं सुरळीत. मग वॉचडॉगने, म्हणजे प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणाऱ्या घड्याळाने, प्रोसेसर रीसेट केला. प्रोसेसर नव्याने सुरू झाला, पण फ्लॅशची वीज गेलेलीच नाही, ती अजून चार बाइटांच्या मोडमध्ये. प्रोसेसरच्या रॉमला हे ठाऊक नाही. तो वाचनाची कमांड आणि पत्त्याचे तीन बाइट पाठवून उत्तराची वाट पाहतो. चिप चौथ्या बाइटाची वाट पाहते. रॉमच्या हाती कचरा येतो आणि यंत्र कायमचं गप्प. कुणीतरी जाऊन प्लग काढून लावला की लगेच चालतं, म्हणून दोष विजेवर जातो.

चिपला सतत वाचनाच्या मोडमध्ये ठेवलं तरी अगदी असंच होतं. त्या मोडमध्ये चिप पुढच्या वेळी कमांडची अपेक्षाच करत नाही, थेट पत्ता समजून वाचू लागते.

खरा उपाय हार्डवेअरमध्ये आहे: रीसेटची पिन असलेली फ्लॅश घ्यावी आणि ती पिन बोर्डाच्या रीसेटला जोडावी. ते राहून गेलं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये चार बाइटांच्या पत्त्याच्या स्वतंत्र कमांड वापराव्यात. हेक्स १३ हे असं साधं वाचन आहे, त्याने चिपचा मोड बदलत नाही. हेक्स ६६ आणि लगोलग ९९ ही जोडी चिपला रीसेट करते, पण ती पाठवायला कोड चालू असावा लागतो, आणि अचानक झालेल्या रीसेटमध्ये तो नसतो. लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय जोडलं आहे याच्या वर्णनाच्या फाइलमध्ये, रीसेटची अशी अडचण असलेल्या बोर्डाची नोंद करण्यासाठी खास गुणधर्म ठेवला आहे. त्याने ड्रायव्हर सावध होतो, अडचण मुळातून जात नाही.

जागेची वाटणी

१९८४ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली, तेव्हा तिचं वैशिष्ट्य हेच होतं की मोठा तुकडा एका झटक्यात पुसता येतो. आजही नियम तोच. लिहिताना बिट १चा ० होतो. ०चा पुन्हा १ करायचा तर आजूबाजूचा सगळा सेक्टर पुसावा लागतो, आणि एसपीआय फ्लॅशमध्ये सर्वांत लहान सेक्टर सहसा ४ किलोबाइटचा असतो. लिखाण एका वेळी २५६ बाइटांच्या पेजमध्ये होतं. पेजच्या मधून सुरुवात करून त्याच्या कडेपलीकडे लिहू पाहिलं, तर पुढच्या पेजवर न जाता त्याच पेजच्या सुरुवातीला येऊन पडतं.

पार्टिशनच्या सेटिंगला हे आकडे बांधून ठेवतात. ईएसपी३२वर पार्टिशन टेबल, म्हणजे फ्लॅशच्या जागेच्या वाटणीचा तक्ता, सहसा हेक्स ८००० या पत्त्यावर असतं, आणि त्यातला प्रोग्रॅमचा कोणताही भाग ६४ किलोबाइटच्या पटीतच सुरू व्हावा लागतो. आर्डुइनोमध्ये कम्पाइल झाल्यावर कमाल मर्यादा १३,१०,७२० बाइट दिसते. चिप तर ४ मेगाबाइटची, मग एवढीच जागा का? कारण नेहमीच्या वाटणीत प्रोग्रॅमसाठी एवढ्याच आकाराच्या दोन जागा असतात. हवेतून नवा प्रोग्रॅम पाठवला की तो रिकाम्या जागेत उतरतो, आणि पूर्ण उतरल्याशिवाय जुन्याला धक्का लागत नाही. जागा कमी पडली म्हणून एकाच मोठ्या भागाची वाटणी निवडली की ही सोय जाते. यंत्र शेतात पंपाच्या पेटीत किंवा इमारतीच्या गच्चीवर बसणार असेल, तर हा सौदा महागात पडतो. वाटणी आधी ठरवावी. माल गेल्यावर पार्टिशन टेबल बदलायचं म्हणजे वीज गेल्यास यंत्र कायमचं बंद पडण्याचा धोका पत्करायचा.

झिजेचा हिशेबही इथेच करावा. डेटाशीटमध्ये एका सेक्टरसाठी साधारण १,००,००० वेळा पुसण्याची हमी असते. दर १० सेकंदांनी एक नोंद करताना प्रत्येक वेळी सेक्टर पुसला, तर दिवसाला ८,६४० वेळा, म्हणजे बारा दिवसांत हमी संपली. तीच १६ बाइटांची नोंद एकापुढे एक लिहीत गेलं, तर एका सेक्टरमध्ये २५६ मावतात आणि पुसण्याची वेळ पाऊण तासाच्या आसपास एकदा येते. एकच सेक्टर आठ वर्षं पुरतो. १६ सेक्टर आळीपाळीने वापरले तर यंत्रातलं बाकी सगळं आधी बिघडेल.

पुसायला वेळही लागतो. ४ किलोबाइटच्या एका सेक्टरला साधारण ४५ मिलिसेकंद, आणि डेटाशीटमधली कमाल मर्यादा ४०० मिलिसेकंद. टाइमआउट कमाल मर्यादेवर ठरवायचा असतो, कारण चिप जुनी होत जाते तसा हा वेळ वाढतो. तेवढा वेळ फ्लॅश वाचता येत नाही, म्हणजे तिच्यातला कोडही चालू शकत नाही. ईएसपी३२ या काळात दोन्ही कोअरचं कॅश बंद करतो. तेवढ्यात यायलाच हवा असा इंटरप्ट (चालू काम थांबवून लगेच हाताळायची घटना) असेल, तर त्याचा कोड आणि तो ज्या माहितीला हात लावतो ती, दोन्ही आतल्या रॅममध्ये ठेवावी लागतात. कोड रॅममध्ये आणि आकड्यांचा तक्ता मात्र फ्लॅशमध्ये राहिला, की कॅश बंद असताना फ्लॅशला हात लावल्याची तक्रार करून प्रोग्रॅम कोसळतो. पिकोवरही पुसणं चालू असताना दुसऱ्या कोअरने फ्लॅशमधला कोड चालवता कामा नये.

आपोआप होणारं, आणि न होणारं

आता बऱ्याच चिपांमध्ये एसएफडीपी नावाचा तक्ता असतो. जेडेक या संस्थेच्या प्रमाणाप्रमाणे चिप स्वतःच सांगते की माझा आकार एवढा, पुसण्याचे तुकडे असे, चार तारांच्या वाचनाला इतके रिकामे ठोके, क्यूई बिट इथे. हेक्स ५ए या कमांडने हा तक्ता वाचता येतो, आणि लिनक्सचा एसपीआय-नॉर ड्रायव्हर त्यावर बराच भर देतो. त्यामुळे हाताने भरायच्या आकड्यांची यादी खूप आखूड झाली आहे. पण तुमच्या बोर्डावर चारही तारा जोडल्या आहेत का, त्या किती लांब आहेत, रीसेटची पिन कुठे गेली, हे त्या तक्त्यात नसतं. ते डिव्हाइस ट्रीमध्ये किंवा बोर्डाच्या कॉन्फिगरेशनमध्ये तुम्हालाच लिहावं लागतं.

नवा बोर्ड उभा करताना मी हळू चालीने जातो. एक तार, कमी क्लॉक, आधी ओळख. मग एक सेक्टर पुसून सगळे बाइट एफएफ आले का ते पाहणं, त्यात ओळखीचा नमुना लिहून परत वाचणं. ते पक्कं झालं की तारा वाढवायच्या, त्यानंतर क्लॉक, एका वेळी एकच बदल. शेवटी रीसेटच्या चाचण्या, त्याही दोन्ही प्रकारच्या: वीज तोडून, आणि वीज न तोडता वॉचडॉगने, फ्लॅशवर लिखाण चालू असताना. आणि प्रत्येक बूटला ओळखीचे ते तीन बाइट लॉगच्या पहिल्या ओळींत छापतो. वर्षभराने पुरवठादाराने मॉड्यूलमधली चिप बदलली आणि दुसऱ्या गावातून तक्रार आली, तर झाकण न उघडता कळतं की या यंत्रात कोणती फ्लॅश आहे.